करमाळ्यातला काटा रोज वादळच दाखवतो

मुंबईच्या चोरबाजारात अधूनमधून एक देखणी वस्तू नजरेस पडते. गोल लाकडी चौकट, पितळी कडे, जाड काच आणि आत घड्याळासारखी तबकडी. तबकडीवर इंग्रजीत शब्द कोरलेले असतात: डावीकडे वादळ, मग पाऊस, अगदी माथ्यावर पालट, उजवीकडे निरभ्र आणि टोकाला फार कोरडे. एखाद्या हौशी माणसाने ही वस्तू विकत घेतली, रेल्वेने जेऊरला उतरून सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याला नेली आणि ओसरीतल्या खुंटीला टांगली, तर पहिल्याच दिवशी तो चक्रावून जाईल. बाहेर मे महिन्याचे ऊन रणरणते आहे, आभाळात औषधाला ढग नाही आणि काटा मात्र ‘वादळ’ या शब्दाला चिकटलेला. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्याने तेच, दिवाळीतही तेच.

यंत्र बिघडलेले नसते. ते इंग्लंडच्या किनाऱ्यासाठी बनलेले असते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या तीस इंचांच्या आसपास राहतो, म्हणून तिथे तिसाच्या आकड्यापाशी ‘निरभ्र’ आणि अठ्ठाविसापाशी ‘वादळ’ कोरले गेले. करमाळा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. एवढे वर आले की डोक्यावरची हवा तेवढी कमी होते आणि पारा मुळातच अठ्ठावीस इंचांच्या घरात येतो. हा दोन इंचांचा फरक हवामानाचा नव्हे, बोरघाटाचा आहे.

मराठी शाळेत या यंत्राला वायुदाबमापक म्हणतात, जुन्या पुस्तकांत वायुभारमापक आणि बोलताना सगळेच बॅरोमीटर. हाच शब्द वर्तमानपत्रांत दुसऱ्या अर्थानेही रोज भेटतो: अमुक निवडणूक जनमताचा बॅरोमीटर, तमुक निर्देशांक अर्थव्यवस्थेचा बॅरोमीटर. चोरबाजारातल्या तबकडीची जी गत करमाळ्यात होते, तीच अशा वाक्यांची बऱ्याचदा होते. दुसरीकडे जुळवलेले माप इथे लावले जाते आणि मग काटा वादळ दाखवत बसतो. खरे यंत्र नीट वाचायला शिकलेला माणूस या दुसऱ्या बॅरोमीटरांनाही सहजासहजी फसत नाही, म्हणून सुरुवात खऱ्या यंत्रापासून.

हवेला वजन असते, हे करमाळ्याच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. त्याची मोटर ते दर उन्हाळ्यात सांगते. विहिरीच्या आत बांधलेल्या कट्ट्यावर मोटर बसवलेली असते, पाइप खाली पाण्यात सोडलेला असतो आणि त्याच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह, ज्याला शिवारात सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात. फेब्रुवारीपर्यंत सगळे सुरळीत चालते. मग पाणी खाली जाते. बटण दाबले की मोटर घुमते, पण पाणी धरत नाही. बादलीने पंपात पाणी ओतून पाहतात, फुटबॉल काढून कचरा साफ करतात, पाइपाच्या सांध्यांना रबर गुंडाळतात. तरी नाहीच. शेवटी चार माणसे दोर आणि साखळी लावून मोटर खालच्या टप्प्यावर उतरवतात आणि ती लगेच पाणी फेकू लागते.

मोटर तीच, वीज तीच, मग फरक कसला पडला? पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण तो फक्त पाइपातली हवा काढतो. पाणी वर चढते ते विहिरीतल्या पाण्यावर बसलेल्या बाहेरच्या हवेच्या दाबामुळे. समुद्रसपाटीला ही हवा पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच खांब पेलू शकते, करमाळ्यात साधारण ९.७ मीटर. पाइपातले घर्षण, सांध्यांतली गळती आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाता हाती सहा-सात मीटर उरतात. म्हणून पाण्याची पातळी आणि मोटर यांच्यात वीस फुटांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये आणि पंधरा फुटांत राहिले तर उत्तम. बोअरमधल्या पाणबुडी मोटरीला हे बंधन नाही, कारण ती पाण्यात बसून पाणी वर ढकलते.

इटलीत सतराव्या शतकात हीच अडचण आली होती. विहिरींवरचे पंप दहा मीटरच्या वर पाणी चढवेनात आणि कारण कुणाला कळेना. गॅलिलिओचा सहकारी एव्हांजेलिस्टा टॉरिसेली याने १६४३ मध्ये पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, तेव्हा खांबही तितक्या पटीने आखूड होणार. झालाही: एका टोकाला बंद असलेल्या काचेच्या नळीत पारा ७६ सेंटिमीटरवर थांबला. पुढे १९ सप्टेंबर १६४८ रोजी ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्याने, फ्लोरँ पेरिएने, ही नळी फ्रान्समधल्या प्यूई द दोम या डोंगरावर नेली. माथ्यावर पारा चांगला तीन इंच खाली आला. उंचीबरोबर हवा विरळ होते हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसले.

तो प्रयोग करायला आता डोंगरही लागत नाही. अनेक स्मार्टफोनमध्ये दाब मोजणारी सूक्ष्म चिप असते. फोनच्या माहितीत बॅरोमीटर सेन्सर लिहिलेला आहे का, ते पाहावे आणि असल्यास त्याचा आकडा दाखवणारे एखादे मोफत ॲप घ्यावे. करमाळ्यात श्रीदेवीचा माळ आहे, कमलाभवानीचे मंदिर आहे आणि जवळच शहाण्णव पायऱ्यांची म्हणून ओळखली जाणारी बारव. तिच्या वरच्या काठावर आकडा टिपावा, उतरता येईल तिथवर सावकाश उतरावे आणि पुन्हा टिपावा. या उंचीवर दर नऊ मीटरला साधारण एक हेक्टापास्कल एवढा फरक पडतो, म्हणजे खाली जाताना आकडा वाढलेला दिसतोच. शाळेच्या सहलीला याहून स्वस्त प्रयोग सापडणे अवघड.

फोनमधला आकडा पाहून मात्र एक गोंधळ हमखास होतो. हेक्टापास्कल हे आजचे एकक. जुने लोक त्यालाच मिलिबार म्हणतात, आकडा तोच. करमाळ्यात फोन ९४८ किंवा ९५० दाखवतो आणि हवामानाचे संकेतस्थळ त्याच वेळी १००८ सांगते. फोन चुकलेला नसतो. संकेतस्थळावरचा आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. मुंबई, पुणे, सोलापूर आणि महाबळेश्वर यांचे दाब एकाच नकाशावर मांडायचे तर उंचीचा हिशेब आधी पुसून टाकावा लागतो, नाहीतर महाबळेश्वरवर कायमचे चक्रीवादळ दिसेल. करमाळ्यासाठी ही भर ६० ते ६५ हेक्टापास्कलच्या दरम्यान पडते.

भिंतीवरचे यंत्र घ्यायचे असेल तर पाऱ्याचे घेऊ नये. पारा विषारी असतो, नळी फुटली तर फटींत शिरलेले थेंब निघता निघत नाहीत आणि मिनामाता करारानुसार अशी यंत्रे बनवणे २०२० पर्यंत थांबवायचे ठरले होते. फ्रान्सच्या ल्यूसियाँ विदीने १८४४ मध्ये काढलेले बिनपाऱ्याचे, म्हणजे निर्द्रव, यंत्र घरासाठी पुरेसे आहे. त्यात हवा काढून घेतलेली एक पातळ पन्हळी डबी असते. बाहेरचा दाब वाढला की ती चेपते, कमी झाला की फुगते आणि तिची ही केसाएवढी हालचाल तरफांनी वाढवून काट्यापर्यंत पोहोचवलेली असते. विकत घेताना एकच प्रश्न विचारावा: पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवर हे जुळवता येईल का? काही यंत्रांचा काटा तेवढा सरकतच नाही.

जुळवण्यासाठी मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. भारतीय हवामान खात्याच्या संकेतस्थळावर सोलापूर वेधशाळेचा समुद्रसपाटीचा दाब पाहावा आणि शांत, ढगविरहित दिवशी काटा त्या आकड्यावर आणून ठेवावा. स्क्रू एका वेळी अगदी थोडा फिरवावा. यंत्र ऊन पडणार नाही अशा आतल्या भिंतीवर लावावे. घरातला आणि बाहेरचा दाब सारखाच असतो, त्यामुळे ते अंगणात टांगायची गरज नाही. वाचण्याआधी काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारावी, म्हणजे अडकलेला काटा मोकळा होतो. टिचकीनंतर तो कोणत्या बाजूला सरकला, हीसुद्धा बातमीच असते. बहुतेक यंत्रांत पितळेचा दुसरा काटा असतो आणि तो आपोआप हलत नाही. आजच्या आकड्यावर तो हाताने आणून ठेवायचा, उद्या फरक पाहायचा. अनेकांना हा काटा शोभेचा वाटतो. खरे तर यंत्राचा निम्मा उपयोग त्याच्यात आहे, कारण दाब किती आहे यापेक्षा तो कालपासून किती हलला याला जास्त महत्त्व आहे.

आता सर्वांत मोठी फसगत. समजा, कुणी सकाळी दहाला काटा पाहिला आणि दुपारी चारला पुन्हा पाहिला. तीन-चार हेक्टापास्कलची घसरण! युरोपातल्या पुस्तकात लिहिलेले असते की एवढी घसरण म्हणजे पावसाची चाहूल. माणूस वाळत घातलेली ज्वारी गोळा करतो, ताडपत्री काढतो. पाऊस काही येत नाही. रात्री दहाला काटा पुन्हा वर.

उष्ण कटिबंधात हवेला रोज भरती-ओहोटी येते. सूर्याच्या उष्णतेने साऱ्या वातावरणात जी लाट फिरते, तिच्यामुळे सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास दाब वर असतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. इंग्लंडमध्ये ही लाट क्षीण असते आणि तिथल्या रोजच्या उलथापालथीत झाकून जाते. दख्खनच्या पठारावर ती इतकी नियमित की काट्यावरून अंदाजे किती वाजले ते सांगता यावे. म्हणून सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी कधीच ताडून पाहू नये. काल सकाळी साडेआठला किती होता आणि आज सकाळी साडेआठला किती आहे, एवढेच पाहावे. साडेआठ यासाठी की हवामान खात्याची सकाळची मुख्य नोंद त्याच वेळेची असते आणि सोलापूरशी पडताळा घेता येतो.

ऋतूचा संथ उतारही वेगळा काढावा लागतो. समुद्रसपाटीला आणलेला दाब या भागात हिवाळ्यात साधारण १०१३ ते १०१५ असतो, जून-जुलैत तो १००२ ते १००५ पर्यंत उतरतो. वायव्येकडची वाळवंटे तापतात, तिथली हवा हलकी होते आणि मोसमी वाऱ्यांना आत यायला वाट मिळते. हा उतार महिनोन्महिन्यांचा असतो. त्यात एखाद्या दिवशी, त्याच वेळेच्या तुलनेत, आकडा दोन-तीन हेक्टापास्कलने खाली आला आणि दुसऱ्या दिवशीही घसरत राहिला, तर मात्र कान टवकारावेत.

१४ ऑक्टोबर २०२० चा दिवस सोलापूर जिल्ह्याच्या लक्षात आहे. बंगालच्या उपसागरातले अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र १३ तारखेला पहाटे काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून आले आणि तेलंगणातून क्षीण होत होत गुलबर्गा-सोलापूरच्या दिशेने सरकले. जिल्ह्यात तुफान पाऊस झाला, पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला, भीमेला पूर आला. असे क्षेत्र शेकडो किलोमीटर रुंद असते, दिवसाला काहीशे किलोमीटर चालते आणि येताना दाबाची घसरण पुढे पाठवत येते. घरातल्या साध्या यंत्राला ओळखता येतो तो असा पाहुणा. काटा चोवीस तास खाली चालला आहे आणि बातम्यांत उपसागरातल्या क्षेत्राचा मार्ग आपल्याकडे दाखवला आहे, असे दोन्ही जुळले की काढलेला माल झाकणे, मोटर आणि स्टार्टर नदीकाठावरून वर घेणे आणि जनावरे ओढ्याकाठी न बांधणे, ही कामे रात्रीवर टाकू नयेत.

(बातम्यांत ‘कमी दाबाचा पट्टा’ आणि ‘कमी दाबाचे क्षेत्र’ सरसकट एकमेकांच्या जागी येतात. पट्टा लांबट पसरलेला असतो, क्षेत्र गोलाकार आणि त्याला केंद्र असते. शेतकऱ्याला धास्ती घ्यायची ती सरकत येणाऱ्या क्षेत्राची.)

दुसरा दिवस २१ मे २०२४ चा. उजनी धरणाच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातले कुगाव आणि समोरच्या इंदापूर तालुक्यातले कळाशी यांच्या दरम्यान बोट चालत असे. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. त्या संध्याकाळी अचानक वादळी वारा सुटला आणि बोट उलटली. एक जण पोहत काठाला लागला, सहा जण बुडाले.

हा पाहुणा वेगळा. वळवाचा ढग दुपारनंतर तिथल्या तिथे उभा राहतो, तासा-दोन तासांत फुटतो आणि त्यातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरते. घरातला बॅरोमीटर याची सूचना आदल्या दिवशी देत नाही. उलट, थंड जड हवेचा लोट पोहोचतो तेव्हा काटा झटकन वर उडी मारतो आणि तोवर वारा अंगावर आलेला असतो. इथे काट्यावर भिस्त ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर पश्चिमेला किंवा दक्षिणेला फुलकोबीसारखा ढग वर वर चढताना दिसला, गडगडाट ऐकू आला किंवा उकाड्यात एकाएकी गार झुळूक आली, की होडी पाण्यात घालू नये. आधीच पाण्यात असेल तर जवळचा काठ गाठावा, मग तो आपला असो वा पलीकडचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडत असल्याची सूचना देते. वीज दिसते तिथे ढग आहे, एवढे नावाड्यासाठी पुरे. आणि लाइफ जॅकेट अंगात हवे, होडीच्या तळाशी घडी करून ठेवलेले नको.

काठावर यंत्र लावून माणसे वाचवण्याची कल्पना जुनीच. डार्विनला घेऊन जगप्रवास केलेल्या बीगल जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय याने १८५४ मध्ये ब्रिटनचे हवामान खाते उभे केले आणि पुढे मच्छीमार बंदरांवर सर्वांना दिसतील असे बॅरोमीटर बसवले. आपल्याकडे १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळाने आणि पाठोपाठच्या दुष्काळांनी सरकारला जाग आली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. खात्याचे प्रमुख राहिलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या दाबाच्या नोंदी वर्षानुवर्षे चाळल्या. पॅसिफिकच्या एका टोकाला दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, असा एक झोका त्यांना सापडला. आज ताहिती आणि ऑस्ट्रेलियातले डार्विन या दोन ठिकाणांच्या दाबातल्या फरकावरून एल निन्योचा माग घेतात. २०२३ हे एल निन्योचे वर्ष होते; त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि उजनी कशीबशी साठ टक्क्यांवर जाऊन थांबली.

करमाळा, माढा, इंदापूर, पंढरपूर या टापूतला दुसऱ्या जातीचा बॅरोमीटर म्हणजे हाच उजनीचा आकडा. चहाच्या टपरीवर पेपर उलगडता उलगडता विचारतात, “उजनी किती?” त्या एका आकड्यावर उसाची लागण, केळीचा बाग ठेवायचा की काढायचा, पाइपलाइनचा खर्च आणि सोसायटीचे कर्ज ठरते. पण बाहेरचा माणूस हा आकडा वाचताना चोरबाजारातल्या तबकडीसारखाच फसतो, कारण त्याचे शून्य कुठे आहे ते त्याला ठाऊक नसते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा आणि वरचा साडेत्रेपन्न उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणून शून्य टक्के म्हणजे कोरडे धरण नव्हे, ६४ टीएमसी पाणी अजून बाकी असते. आकडा त्याखाली गेला की ‘उजनी मायनसमध्ये गेली’. जून २०२४ मध्ये ती उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती, म्हणजे तरीही एकतीस-बत्तीस टीएमसी पाणी शिल्लक होते. त्यातला गाळाने किती व्यापला, हा वेगळा प्रश्न. पुढच्या दोन महिन्यांत वरच्या धरणांतून पाणी आले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीच उजनी शंभर टक्के भरली.

कंदर, केत्तूर, वाशिंबे, चिखलठाण, कुगाव या फुगवट्याकाठच्या गावांना टक्क्यांचा अर्थ पाइपांत कळतो. पाणी मागे हटते तसतशा मोटरी गाळातून पुढे न्याव्या लागतात, पाइप जोडावे लागतात, केबल वाढवावी लागते आणि दर वेळी तेच वीस फुटांचे गणित सांभाळावे लागते. पलीकडच्या काठाला पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर डोके काढते तेव्हा माहीत असलेल्याला आकडा विचारावाही लागत नाही.

या आकड्याबाबतही यंत्राचाच नियम पाळावा: आजचा आकडा कालच्या आकड्याशी नव्हे, गेल्या वर्षीच्या याच तारखेच्या आकड्याशी ताडावा. उजनी दर उन्हाळ्यात उतरतेच. ती तिची दुपारची ओहोटी. जानेवारीतच मायनसमध्ये गेली तर ती खरी घसरण.

लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी इथे शब्दांचा थोडा निवाडा करायला हवा, कारण मराठीत बॅरोमीटर आणि थर्मामीटर यांची सरमिसळ पाऱ्यामुळे झाली आहे. ‘पारा चढला’ म्हणताना आपल्याला थर्मामीटर अभिप्रेत असतो: ऊन वाढले किंवा साहेब भडकले. बॅरोमीटरचा पारा चढला तर उलट हवा निवळते. टंचाईत गावोगाव धावणारे टँकर हा दुष्काळाचा थर्मामीटर आहे. ताप किती चढला ते तो सांगतो, येणार का ते सांगत नाही. शितावरून भाताची परीक्षा हा नमुना झाला. ‘मापदंड’ म्हणजे ज्याच्याशी इतर गोष्टी ताडायच्या ते प्रमाण. बॅरोमीटर हा शब्द राखून ठेवावा तो फक्त अशा खुणेसाठी, जी मूळ घटना घडण्याआधी हलते.

अशी खूण करमाळ्याच्या बाजारात आहे: कडब्याचा शेकडा दर. हा सगळा टापू रब्बी ज्वारीचा. मालदांडी ज्वारीचा प्रसिद्ध वाण याच जिल्ह्यात मोहोळला निवडीने तयार झाला. परतीचा पाऊस हुकला की ज्याच्या दावणीला चार जनावरे आहेत तो दिवाळीतच हिशेब मांडतो, कडबा विकायचा थांबतो आणि दर वर सरकतो. टंचाई जाहीर व्हायला तेव्हा अजून अवकाश असतो. मग आठवडे बाजारात दुभत्या गाई उतरत्या भावात दिसू लागतात. कडबा वर आणि जनावर खाली, हे दोन्ही एकदम दिसले तर ती खरी दाबाची घसरण. नुसता कडबा महागला असेल तर आधी विचारावे, ज्वारीखालचे रान उसाने आणि केळीने तर खाल्ले नाही ना? ते कारण असेल तर दर वाढलेलाच राहील, दुष्काळ असो वा नसो. तो घाटाचा फरक, हवेचा नव्हे.

राजकारणात हा शब्द सर्वांत स्वस्त झाला आहे. करमाळा विधानसभेने २०१४ मध्ये शिवसेनेचा आमदार निवडला, २०१९ मध्ये अपक्ष, २०२४ मध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा. तिन्ही वेळा राज्यात सर्वांत मोठा पक्ष भाजप होता आणि २०२४ मध्ये तर महायुतीने विधानसभा जवळजवळ व्यापली. इथली निवडणूक गटातटांवर, कारखान्यांवर आणि पाण्याच्या आवर्तनांवर फिरते. करमाळ्यावरून महाराष्ट्राचा कल सांगणे म्हणजे वळवाच्या सरीवरून मोसमी पावसाचा अंदाज बांधणे. सेन्सेक्सचेही तसेच. १९८६ मध्ये सुरू झालेला हा निर्देशांक अर्थव्यवस्थेचा बॅरोमीटर म्हणून रोज मिरवतो. जानेवारी २०२१ मध्ये त्याने पन्नास हजारांचा टप्पा ओलांडला, त्याच आर्थिक वर्षात देशाचे एकूण उत्पादन आदल्या वर्षापेक्षा घटले होते. तो तीस मोठ्या कंपन्यांकडून असलेली अपेक्षा मोजतो. करमाळ्याच्या पेठेतली उधारी त्याच्या तबकडीवर नाही.

यंत्र भिंतीवर लागले असेल, तर उद्यापासून एवढे करता येईल. स्वयंपाकघरात टांगलेल्या कॅलेंडरवर तारखेचा जो चौकोन असतो, ज्यात दुधाचे लिटर आणि गॅस लावल्याची तारीख लिहिलेली असते, त्यातच सकाळी साडेआठचा दाब पेन्सिलीने लिहावा. पाऊस पडला असेल तर सपाट तळाच्या, सरळ उभ्या कडांच्या डब्यात साचलेले पाणी पट्टीने मोजून मिलिमीटर लिहावेत. त्याखाली उजनीचा आकडा, आधी अधिक की उणे ते खूण करून. रविवारी त्यात कडब्याचा दर टाकावा. वर्ष संपल्यावर कॅलेंडर रद्दीत देऊ नये, नव्याच्या मागे त्याच खिळ्याला अडकवून ठेवावे. पुढच्या मृगात पान उलटून गेल्या वर्षीची तीच तारीख पाहायची आहे.